कामाखालची सही

पाठाविषयी

आपल्या बोलण्यात दोन म्हणी नेहमी येतात. एक म्हणते, 'उथळ पाण्याला खळखळाट फार.' दुसरी म्हणते, 'बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचे सोनेही खपत नाही.' पहिली म्हण अबोल माणसाला धीर देते, तर दुसरी त्याला सावध करते. दोन्ही म्हणी अनुभवातूनच आल्या आहेत, त्यामुळे त्यांपैकी एक खरी व दुसरी खोटी असे म्हणता येत नाही. मग ज्याला फार बोलणे जमत नाही, पण ज्याचे काम चोख आहे, अशा माणसाने नोकरीच्या ठिकाणी काय करावे? आपला स्वभाव बदलावा, की उपेक्षा सहन करावी? या दोहोंशिवाय तिसरा मार्ग आहे का, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :
• अंतर्मुखता आणि लाजाळूपणा यांतील फरक स्पष्ट करणे;
• कामाची नोंद आणि कामाची ओळख यांचा संबंध सांगणे;
• आपल्या कामाचा थोडक्यात व नेमका वृत्तान्त लिहिणे;
• कर्ता सांगणारी आणि कर्ता वगळणारी वाक्ये ओळखणे.

मूळ पाठ

१. मारतहळ्ळीतील एक कार्यालय

बंगळूर शहराच्या पूर्वेला मारतहळ्ळी नावाची वस्ती आहे. कन्नड भाषेत 'हळ्ळी' म्हणजे खेडे; पण येथील खेडेपण आता केवळ नावापुरते उरले आहे. जुना विमानतळ रस्ता आणि शहराचा बाह्य वर्तुळाकार रस्ता येथे एकमेकांना मिळतात. रस्त्याच्या दुतर्फा काचेच्या इमारती, संगणक शिकवणारे वर्ग, स्वस्त कपड्यांची दुकाने आणि बाहेरगावच्या नोकरदारांची वसतिगृहे दाटीने उभी आहेत. बेळगाव, निपाणी, सांगली, सोलापूर अशा भागांतूनही अनेक तरुण-तरुणी कामाच्या शोधात बंगळुरात येतात.

अशाच एका तरुणीचे उदाहरण आपण कल्पून पाहू. ती सीमाभागातील एका गावची. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन ती मारतहळ्ळीतील एका कार्यालयात कामाला लागली. निरनिराळ्या पुरवठादारांची देयके तपासणे हे तिचे काम. सकाळी सर्वांच्या आधी यावे, कागद आणि आकडे जुळवावेत आणि सायंकाळी शांतपणे वसतिगृहाकडे परतावे, असा तिचा क्रम होता. चहाच्या वेळी चालणाऱ्या गप्पांत ती क्वचितच भाग घेई. बैठकीत कोणी थेट विचारले तरच उत्तर देई, तेही दोन शब्दांत.

एके दिवशी तिच्या लक्षात आले, की एकाच पुरवठादाराचे एकच देयक दोन वेगळ्या क्रमांकांनी नोंदले गेले आहे. आणखी दोन दिवसांत ती रक्कम दुसऱ्यांदा चुकती झाली असती. तिने शेजारच्या सहकाऱ्याला ही गोष्ट दाखवली आणि चूक दुरुस्त केली. महिनाअखेरच्या बैठकीत त्या सहकाऱ्याने सांगितले, ''या महिन्यात आम्ही दुबार गेलेले एक देयक रोखले.'' गटप्रमुखांनी त्याला शाबासकी दिली. त्याने खोटे सांगितले नव्हते, कारण तो 'आम्ही' असेच म्हणाला होता. तरीही ऐकणाऱ्यांच्या मनात त्या 'आम्ही'ला चेहरा मिळाला तो बोलणाऱ्याचाच.

वर्षाच्या शेवटी प्रत्येकाला स्वतःच्या कामाविषयी एक पत्रक भरून द्यायचे होते. 'विशेष कामगिरी' या रकान्यात तिने लिहिले, 'नेहमीचे काम वेळेवर केले.' पुढे बढतीची यादी लागली तेव्हा तिच्यात सहकाऱ्याचे नाव होते, तिचे नव्हते. त्या रात्री आईचा दूरध्वनी आला तेव्हा ती एवढेच म्हणाली, ''सगळं ठीक आहे गं.'' स्वतःचे दुःखही तिने कोणाला सांगितले नाही.

येथे दोष कोणाचा? गटप्रमुखांनी जाणूनबुजून अन्याय केला, असे म्हणता येणार नाही. त्यांच्यासमोर जो कागद होता, त्यावर 'नेहमीचे काम' एवढेच लिहिलेले होते, आणि ते तिने स्वतःच लिहिले होते.

२. अंतर्मुखता म्हणजे काय?

'अंतर्मुख' आणि 'बहिर्मुख' हे स्वभावाचे दोन कल स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात विस्ताराने मांडले. ज्याच्या मनाचा ओढा स्वतःच्या विचारांकडे असतो तो अंतर्मुख. ज्याचा ओढा बाहेरच्या माणसांकडे व घडामोडींकडे असतो तो बहिर्मुख. कोणीही माणूस पूर्णपणे एकाच प्रकारचा नसतो. बहुतेकांच्या ठिकाणी दोन्ही कल कमीअधिक प्रमाणात असतात.

अंतर्मुखता म्हणजे लाजाळूपणा नव्हे. लाजाळू माणसाला बोलायचे असते, पण लोक काय म्हणतील या भीतीने तो गप्प राहतो. अंतर्मुख माणसाला भीती वाटतेच असे नाही. त्याला विचार करायला निवांतपणा हवा असतो आणि गर्दीत तो लवकर थकतो. अंतर्मुखता म्हणजे गर्वही नव्हे. मात्र सहकाऱ्यांना कधी कधी ती तशी भासते आणि 'हा कोणाशी बोलत नाही' असा ग्रह होतो.

मौनाचे आणखीही एक कारण असू शकते. बंगळूरसारख्या शहरात कार्यालयातील बैठक इंग्रजीत, जेवणाच्या सुट्टीतील गप्पा कन्नड वा हिंदीत आणि मनातील विचार मराठीत, अशी स्थिती अनेकांची असते. योग्य शब्द सापडेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. अशा वेळी माणूस गप्प राहतो तो स्वभावामुळे नव्हे, तर भाषेच्या अडचणीमुळे. आपल्या मौनाचे कारण नेमके कोणते, हे प्रथम स्वतःशी तपासून पाहावे. अडचण भाषेची असेल तर भाषा शिकता येते. स्वभावच तसा असेल तर त्याला साजेसा मार्ग शोधता येतो.

३. विमानाच्या कारखान्यातील धडा

मारतहळ्ळीच्या पश्चिमेला जुन्या विमानतळाच्या परिसरात विमाने बांधण्याचा मोठा कारखाना आहे. सोलापूर येथे जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने १९४० साली त्याची स्थापना केली. 'हिंदुस्थान एरोनॉटिक्स' या नावाने आज तो ओळखला जातो. या कारखान्याच्या प्रारंभीच्या काळात विमानांचे आराखडे करणाऱ्यांत एक मराठी नाव अग्रभागी होते, ते म्हणजे डॉ. विष्णू माधव घाटगे यांचे. कोल्हापूर जिल्ह्यात १९०८ साली जन्मलेल्या घाटगे यांनी जर्मनीतील गटिंगेन येथे, वायुगतिशास्त्राचे विख्यात अभ्यासक लुडविग प्रांटल यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून डॉक्टरेट मिळवली. पुढे बंगळुरात त्यांनी अध्यापनही केले. त्यांच्या नेतृत्वाखाली आराखडा तयार झालेल्या 'एचटी-२' या प्रशिक्षण विमानाने १९५१ साली पहिले उड्डाण केले. भारतीय हवाई दलाच्या अनेक वैमानिकांनी उड्डाणाचे पहिले धडे याच विमानातून गिरवले. १९६५ साली घाटगे यांना 'पद्मश्री' हा किताब देण्यात आला.

घाटगे स्वभावाने अबोल होते की बोलके होते, हा येथे प्रश्न नाही. त्यांच्या कामाचे स्वरूप पाहावयाचे आहे. विमान आकाशात झेपावते तेव्हा लोकांची नजर वैमानिकाकडे जाते आणि ते स्वाभाविकही आहे, कारण प्राण पणाला लावणारा तोच असतो. याच कारखान्याची नवी विमाने प्रथम आकाशात नेणारे चाचणी वैमानिक सुरंजन दास १९७० साली विमान अपघातात मृत्यू पावले. त्यांचे नाव जवळच्या रस्त्याला दिलेले आहे. परंतु आराखडा करणारा अभियंता, त्याच्या हाताखाली रेषा आखणारा आरेखक, रिवेट बसवणारा कारागीर आणि तो तपासणारा निरीक्षक हे सारे जमिनीवरच राहतात. त्यांना कोणी टाळ्या वाजवत नाही.

तरीही त्यांचे काम बेवारस नसते, कारण अशा कारखान्यांत एक शिस्त पाळली जाते. आराखड्याच्या प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात एक चौकट असते. तो कोणी काढला, कोणी तपासला, कोणी मंजूर केला आणि कोणत्या दिवशी, हे त्या चौकटीत लिहावे लागते. तपासणी झाली की निरीक्षकाला सही करावी लागते. ही सही मिरवण्यासाठी नसते. उद्या काही बिघडले तर कोणाला विचारायचे, हे कळावे म्हणून ती असते. पण जी सही चुकीची जबाबदारी दाखवते, तीच चांगल्या कामाचे श्रेयही दाखवते.

अंतर्मुख माणसाने नेमकी हीच गोष्ट ध्यानात घ्यावी. आपले काम सांगणे म्हणजे आत्मस्तुती, असा पुष्कळांचा समज असतो आणि त्यामुळे त्यांना संकोच वाटतो. वास्तविक कामाखाली सही करणे म्हणजे स्वतःची स्तुती करणे नव्हे. 'हे मी केले आहे, याविषयी मला विचारा,' असे सांगणे होय. बढाई मारणारा आपल्या गुणांविषयी बोलतो, तर सही करणारा केवळ कामाविषयी बोलतो.

४. नोंदीअभावी हरवणारे काम

नोंद झाली नाही तर मोठे कामही कसे हरवू शकते, याचे उदाहरण मराठी साहित्यात आहे. खानदेशातील कवयित्री बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि घरात राबताना त्यांना ओव्या सुचत. पुत्र सोपानदेव व घरातील एक आप्त यांनी त्यांतील काही उतरवून घेतल्या. १९५१ साली बहिणाबाईंचे निधन झाले. त्यानंतर सोपानदेवांनी ते कागद आचार्य अत्रे यांना दाखवले आणि १९५२ साली बहिणाबाईंची गाणी पुस्तकरूपाने महाराष्ट्रापुढे आली. घरातील कोणी हातात लेखणी घेतली नसती, तर बहिणाबाईंच्या प्रतिभेत काही उणे झाले नसते; परंतु महाराष्ट्राला ती कळली नसती.

प्रत्येक कार्यालयात सोपानदेव भेटतोच असे नाही. म्हणून आपल्या कामाची नोंद आपणच ठेवणे इष्ट होय.

५. शांत माणसाचे मार्ग

अंतर्मुख माणसाला बैठक गाजवता येत नसेल. पण त्याला विचार करून लिहिता येते, एकट्याशी मनापासून बोलता येते आणि समोरच्याचे नीट ऐकता येते. पुढील मार्ग या गुणांवरच आधारलेले आहेत.

(अ) रोजची वही : दिवसाच्या शेवटी दोन ओळी लिहाव्यात : आज काय केले, त्याचा काय उपयोग झाला. वर्षाअखेरीस आठवणीवर विसंबावे लागत नाही. शिवणकाम करणारी स्त्री, रुग्णालयातील परिचारिका, इमारतीचा पहारेकरी, गोदामातील हिशेबनीस, अशा कोणालाही ही वही ठेवता येते.

(आ) आठवड्याचा वृत्तान्त : वरिष्ठांना दर आठवड्याला चार-पाच ओळींचा लेखी वृत्तान्त द्यावा. त्यात विशेषणे नसावीत. आकडे आणि घटना असाव्यात. उदाहरणार्थ :

'या आठवड्यात मी १४० देयके तपासली. त्यांपैकी ६ अपुऱ्या कागदपत्रांमुळे परत पाठवली. एक देयक दुबार नोंदले गेल्याचे मला आढळले. ते चुकते होण्यापूर्वी रोखले. अशी चूक पुन्हा होऊ नये म्हणून नोंदवहीत एक रकाना वाढवावा, असे सुचवते.'

या वृत्तान्तात 'मी फार मेहनती आहे' असे कोठेही म्हटलेले नाही. वाचणाऱ्याला ते आपोआप कळते.

(इ) बैठकीची पूर्वतयारी : बैठकीचे विषय आधी मागून घ्यावेत. बोलायचे एक वाक्य किंवा विचारायचा एक प्रश्न कागदावर लिहून न्यावा. शक्य तर तो सुरुवातीलाच मांडावा, कारण वेळ जातो तसा संकोच वाढतो. बैठकीत बोलता आले नाही, तर त्याच दिवशी आपले मत लिहून कळवावे.

(ई) समोरासमोर भेट : दहाजणांपुढे न बोलणारा माणूस एकाशी मोकळेपणाने बोलू शकतो. वरिष्ठांकडे पंधरा मिनिटांचा वेळ मागावा आणि सरळ विचारावे, ''पुढच्या पदासाठी माझ्याकडून काय अपेक्षित आहे? त्यात मी कोठे कमी पडतो?'' हा प्रश्न बढती संपल्यावर नव्हे, वर्षाच्या आरंभी विचारावा.

(उ) श्रेय देण्याची सवय : आपल्या वृत्तान्तात सहकाऱ्यांच्या साहाय्याचा नावानिशी उल्लेख करावा. जो दुसऱ्याचे नाव लिहितो, त्याचे नाव लिहायला दुसऱ्यालाही जड जात नाही. शिवाय अशा माणसाच्या 'मी' या शब्दावर लोकांचा विश्वास बसतो.

या मार्गांनी यश मिळेलच, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. कित्येक ठिकाणी कामापेक्षा ओळखीला महत्त्व असते. तरीही ज्याच्याजवळ कामाची नोंद आहे, त्याला ती दुसऱ्या ठिकाणी नोकरी मागतानाही उपयोगी पडते. ही शिदोरी त्याच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही.

६. वरिष्ठांचे कर्तव्य

सारा भार अबोल माणसावर टाकणे मात्र न्यायाचे नाही. जो मोठ्याने बोलतो त्यालाच जास्त येते, असे मानणारा वरिष्ठ संस्थेचे नुकसान करतो. बैठकीत सर्वांना क्रमाने बोलण्याची संधी देणे, विषय आधी कळवणे, लेखी मतांनाही तोंडी मतांइतके वजन देणे आणि 'आम्ही केले' असे कोणी म्हटल्यास 'कोणी कोणी केले?' असे आपुलकीने विचारणे, एवढे वरिष्ठाने केले तरी पुष्कळ होते. आपल्या उदाहरणातील गटप्रमुखांनी हा एक प्रश्न विचारला असता, तर त्या तरुणीचे नाव त्याच दिवशी पुढे आले असते.

७. पुढच्या वर्षीचे पत्रक

त्या तरुणीचा स्वभाव दुसऱ्या वर्षीही तोच राहिला. चहाच्या वेळी ती पूर्वीसारखीच ऐकत असे. पण तिच्या टेबलावर आता एक वही असे आणि शनिवारी गटप्रमुखांकडे पाच ओळींचा वृत्तान्त जात असे. जूनमध्ये तिने पंधरा मिनिटे मागून घेतली, तेव्हा तिचा आवाज थोडा कापला. पण ठरवलेला प्रश्न तिने विचारला. नव्याने आलेल्या दोघांना देयकांची तपासणी शिकवण्याचे काम तिच्याकडे सोपवण्यात आले. बढती त्या वर्षीही मिळेल की नाही, हे तिला ठाऊक नव्हते. वर्षाखेरीस पत्रक आले, तेव्हा 'विशेष कामगिरी' या रकान्यासमोर ती बराच वेळ थांबली. मग वही उघडून तिने पहिले वाक्य लिहिले : 'दुबार नोंदलेली देयके मी शोधली.' आणि खाली आपली सही केली.

पाठगत प्रश्न

१. रिकाम्या जागा भरा.
(अ) कन्नड भाषेत 'हळ्ळी' या शब्दाचा अर्थ ______ असा होतो.
(आ) 'एचटी-२' या विमानाने ______ साली पहिले उड्डाण केले.
२. चूक की बरोबर ते सांगा.
(अ) अंतर्मुखता आणि लाजाळूपणा एकच होत.
(आ) आराखड्यावरील सही जबाबदारी व श्रेय दोन्ही दाखवते.

भाषा अभ्यास

पुढील वाक्ये पाहा.
(अ) चूक शोधण्यात आली.
(आ) मी चूक शोधली.
दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. पहिल्या वाक्यात काम दिसते, पण करणारा दिसत नाही. दुसऱ्या वाक्यात दोन्ही दिसतात. सरकारी पत्रव्यवहारात कर्ता वगळण्याची पद्धत रूढ आहे. परंतु स्वतःच्या कामाचा वृत्तान्त लिहिताना कर्ता सांगणे आवश्यक असते. 'नवीन नोंदवही तयार करण्यात आली', 'ग्राहकांच्या तक्रारी सोडवण्यात आल्या' ही वाक्ये कर्ता स्पष्ट करून पुन्हा लिहा.

तुम्ही काय शिकलात?

• शांत स्वभाव हा दोष नाही. मात्र न सांगितलेले काम इतरांना दिसत नाही.
• काम सांगणे आणि बढाई मारणे या भिन्न गोष्टी आहेत.
• लेखी नोंद, पूर्वतयारी आणि समोरासमोर भेट हे अंतर्मुख माणसाला साजेसे मार्ग आहेत.
• अबोल माणसाचे काम ओळखणे हे वरिष्ठांचेही कर्तव्य आहे.

पाठान्त प्रश्न

१. सहकाऱ्याने 'आम्ही' हा शब्द वापरला, यात त्याचे काही चुकले का? तुमचे मत आठ ते दहा ओळींत लिहा.
२. 'बढाई मारणारा आपल्या गुणांविषयी बोलतो, तर सही करणारा केवळ कामाविषयी बोलतो.' हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
३. तुम्ही करत असलेल्या कामाचा, मग ते घरातील, शेतातील वा नोकरीतील असो, एका आठवड्याचा वृत्तान्त पाच ओळींत लिहा.

शब्दार्थ

देयक – पैसे मागणीचा कागद, बिल. वृत्तान्त – हकीकत, अहवाल. ग्रह होणे – समज होणे. आरेखक – आराखड्याची रेखाचित्रे काढणारा. बेवारस – ज्याला कोणी धनी नाही असे. आत्मस्तुती – स्वतःची प्रशंसा. शिदोरी – प्रवासात बरोबर नेण्याचे अन्न, (येथे) पुढे उपयोगी पडणारी ठेव.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) खेडे (आ) १९५१
२. (अ) चूक (आ) बरोबर